इथिलीन ग्लायकॉल: कूलंट, पॉलिएस्टर आणि गोड विष

बॅच_रिअ‍ॅक्टर (धागाकर्ता)

'उन्हाळ्यात गाडी तापते' या धाग्यावर कूलंटवरून बरीच खडाजंगी झाली. एकाचं म्हणणं, कूलंट म्हणजे रंगीत पाणी, निव्वळ लूट. दुसऱ्याचं म्हणणं, ते इतकं जहाल की हाताला लागलं तरी दवाखाना गाठावा. दोन्ही खरं नाही. माझी उमेदीची वर्षं पॉलिएस्टरच्या कारखान्यात गेली. कूलंटमधलं मुख्य द्रव्य म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, आणि हा माल तिथे टँकरने यायचा. म्हणून तिकडे भांडण वाढवण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय.

पूर्ण नाव मोनो इथिलीन ग्लायकॉल. कारखान्यात सगळे 'मेग' म्हणतात, कागदावर एमईजी. रंग नाही, वास जवळजवळ नाही, हाताला किंचित तेलकट-दाट लागतं. लिटरमागे वजन १.११ किलो, म्हणजे पाण्यापेक्षा जड. उकळतं १९७ अंशांना, गोठतं उणे १३ च्या आसपास. पाण्यात हवं तेवढं मिसळतं आणि हवेतली वाफसुद्धा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात बुच सैल राहिलेल्या पिंपातल्या मालात पाण्याचं प्रमाण वाढलेलं सापडतं. कूलंटचा हिरवा, गुलाबी, केशरी रंग कंपनीने घातलेला असतो, मेगचा स्वतःचा नव्हे. चव गोड असते. ही चव पुढे बऱ्याच अनर्थाला कारण झाली आहे, पण त्यावर इथले डॉक्टर लोक जास्त अधिकाराने लिहितील.

गंमत गोठण्यात आहे. नुसतं मेग उणे १३ ला गोठतं, नुसतं पाणी शून्याला, पण दोन्ही निम्मं-निम्मं केलं तर मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. पाण्याचे रेणू बर्फाची जाळी विणायला लागले की मेगचे रेणू मध्ये घुसतात, आणि मेग गोठायला लागलं की पाणी तेच करतं. म्हणून 'जितकं जास्त कूलंट तितकं चांगलं' हे चूक. नुसतं कूलंट ओतणारा माणूस पैसे घालवून थंडीतला बचाव कमी करून घेतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणीच श्रेष्ठ: पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, मेगची २.४ च्या आसपास.

बनतं कसं? इथिलीन आणि ऑक्सिजन चांदीच्या उत्प्रेरकावरून नेले की इथिलीन ऑक्साइड मिळतं. त्यात भरपूर पाणी घालून तापवलं की मेग. सोबत नऊ-दहा टक्के डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, आणि चिमूटभर ट्रायइथिलीन ग्लायकॉलही तयार होतं. मग उभ्या मनोऱ्यांत ऊर्ध्वपातन करून ते वेगळे काढायचे. डीईजी हे नाव लक्षात ठेवा. आपल्याकडे मुंबई हायच्या वायूतलं इथेन उरणला वेगळं होऊन नागोठण्याच्या क्रॅकरला, म्हणजे इथेन तोडून इथिलीन करणाऱ्या प्लँटला जातं, तिथून ही साखळी सुरू होते.

अशा प्लँटमध्ये खरी धास्ती मेगची नसते, त्याच्या आधीच्या पायरीची असते. इथिलीन ऑक्साइड १०.७ अंशांना उकळतं, कर्करोगकारक आहे, आणि हवेत ३ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत स्फोट होऊ शकतो. हवा नसली तरी चालतं त्याला. त्या मानाने मेग अगदी शहाणं: ज्वलनांक १११ अंश, साध्या तापमानाला वाफ नगण्य.

जगातलं बहुतेक मेग गाड्यांत जात नाही, कपड्यांत आणि बाटल्यांत जातं. एक टन पॉलिएस्टरला साधारण एक तृतीयांश टन मेग लागतं, जोडीला टेरेफ्थॅलिक आम्ल. इचलकरंजी-भिवंडीच्या मागावर चढणारं पॉलिएस्टर सूत आणि कोपऱ्यावरची पाण्याची बाटली रसायनाच्या हिशेबात सख्खी भावंडं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

घाटातला_मेकॅनिक

लई भारी लिहिलंय काका. वाखु (वाचनखूण) साठवली.

गॅरेजवरचं सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या गाड्यांच्या बाटलीत नळाचं नाहीतर बोअरचं पाणी असतं. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो, वॉटर पंपाचा सील जातो, थर्मोस्टॅट चिकटतो. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर त्यात डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणीच घालायचं, बॅटरीवाल्याकडे मिळतं. तयार मिसळलेलं घेतलं तर त्यात काहीच घालायचं नाही. हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण.

दुसरं. हिरव्यात केशरी ओतू नका. मिसळल्याबरोबर स्फोट होत नाही, पण दोघांतली गंज रोखणारी द्रव्यं वेगळ्या घराण्यातली असतात, एकमेकांचं काम बिघडवतात. कधी जेलीसारखा गाळ बसतो. गाळ काढायला अख्खी सिस्टीम धुवावी लागते.

आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका हो. निम्मं-निम्मं मिश्रण साध्या दाबाला १०७ ला उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून वीसेक अंश वर. झाकण फिरवलं की दाब गेला, सगळं एकदम उकळून तोंडावर. कूलंटच्या विषापेक्षा या भाजण्याच्या केसेस मी जास्त बघितल्यात.

विहिरीचं_पाणी

आमच्या जुन्या जीपने आयुष्यभर विहिरीचं पाणी प्यायलं, काही झालं नाही. महाराष्ट्रात कुठे उणे ३७ होतंय? महाबळेश्वरला दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, एवढीच आपली थंडी. मग हे अँटीफ्रीझ कशाला?

बॅच_रिअ‍ॅक्टर

प्रश्न रास्त आहे. आपल्याला गोठण्यापासून बचाव नकोच आहे. हवा आहे तो वाढलेला उकळबिंदू आणि गंजापासून संरक्षण. जुन्या जीपचं इंजिन ओतीव लोखंडाचं, रेडिएटर पितळ-तांब्याचा, भिंती जाड. आजच्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमचं हेड, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ रेडिएटर, वर प्लास्टिकच्या टाक्या. विहिरीचं पाणी तिथे टिकत नाही.

पण एक बाजू तुमचीही: नुसतं मेग-पाणी घातलं तर गंज उलट वाढतो. तापून, हवा लागून मेगचं हळूहळू ग्लायकोलिक आणि फॉर्मिक आम्ल होतं, पीएच घसरतो. डब्यातला थोडासा भाग गंजरोधकांचा असतो आणि खरं काम तोच करतो. मुदत संपते ती त्याची. मेग तसंच असतं. म्हणून जुनं कूलंट 'अजून हिरवं दिसतंय की' म्हणून ठेवू नये, रंगाला काही कळत नाही. सुटं घेत असाल तर डब्यावर आयएस ५७५९ हा मानक क्रमांक आहे का ते बघा.

अवांतर: दुसऱ्या महायुद्धातल्या मर्लिन विमान-इंजिनांत सुरुवातीला जवळजवळ शुद्ध ग्लायकॉल वापरत. इंजिन गरम चालायचं, गळती लागली की आगीची भीती. नंतर ३० टक्के ग्लायकॉल, ७० टक्के पाणी आणि दाबाखालची बंद यंत्रणा अशी तडजोड झाली. तुमचं पाणी तिथेही जिंकलं म्हणायचं.

मूत्रपिंड_ओपीडी

धागा चांगला आहे. विषबाधेबद्दल लिहितो.

मेग स्वतः फार विषारी नाही. ते पोटात गेल्यावर माणसाला आधी दारू प्यायल्यासारखी झिंग येते, तोंडाला वास मात्र येत नाही. घोटाळा यकृतात होतो. दारू पचवणारंच एन्झाइम त्याचं रूपांतर करायला घेतं. ग्लायकोलाल्डिहाइड, ग्लायकोलिक आम्ल, ग्लायऑक्सिलिक आम्ल आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्ल. ग्लायकोलिक आम्लाने रक्त आम्लधर्मी होतं, रुग्णाला धाप लागते. ऑक्झॅलिक आम्ल रक्तातलं कॅल्शियम पकडून सुईसारखे स्फटिक करतं, ते मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. पहिल्या काही तासांत झिंग, १२ ते २४ तासांत हृदय-फुप्फुसांवर ताण, २४ ते ७२ तासांत लघवी बंद. मधल्या काळात रुग्ण 'आता बरं वाटतंय' म्हणतो आणि घरचे निर्धास्त होतात. तेवढ्यात वेळ निघून जातो.

प्रौढ माणसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास शुद्ध मेग जीवघेणं ठरू शकतं. लहान मुलाला अर्थातच फार कमी, दोन-तीन घोटसुद्धा.

उतारा म्हणजे ते एन्झाइम अडवून धरणं. त्यासाठी फोमेपिझोल हे औषध आहे, अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला या विषबाधेसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते हाताशी नसतं, मग रुग्णालयात मोजून-मापून इथेनॉल देतात आणि डायलिसिस करतात. हे वाचून कोणी घरी दारू पाजायच्या फंदात पडू नये. रक्तातली पातळी तासातासाला बघत करायचं काम आहे ते. उलटी काढायचा प्रयत्नही नको. डबा बरोबर घ्या आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात जा. लक्षणं दिसायची वाट बघू नका.

हाताला लागलं तर साबणाने धुवा, विषय संपला. कातडीतून फारसं शोषलं जात नाही.

मनीमाऊची_आई

डॉक्टर, मांजरांचं काय? आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी गळते, हिरवं डबकं साचतं.

मूत्रपिंड_ओपीडी

मी माणसांचा डॉक्टर, पण मांजर यात फारच नाजूक. वजनाच्या किलोमागे दीड मिलिलिटरच्या आसपास पुरतं असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. पंजे चाटून साफ करायची सवय असल्यामुळे डबक्यातून चालून गेलेलं मांजरही धोक्यात. कुत्रं जरा जास्त सोसतं, पण ते लपालपा पितं. काही कंपन्या कूलंटमध्ये डेनाटोनियम हे अतिकडू द्रव्य घालतात. त्यावर पूर्ण भरवसा नको. वाळू किंवा मांजराच्या शौचाची माती (कॅट लिटर) टाकून डबकं टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा. आणि त्या गाडीवाल्याला गाठा.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

खोकल्याच्या औषधात सापडलं ते हेच का? २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरला आणली होती तेव्हा बातम्यांत ग्लायकॉल-ग्लायकॉल चाललं होतं.

क्यूसी_लॅब

हेच नाही, याचा भाऊ. काकांनी वर 'लक्षात ठेवा' म्हटलेलं डीईजी. २०२५ च्या त्या सिरपमध्ये डीईजी ४८.६ टक्के निघालं होतं. मान्य मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली, कित्येक जण नागपूरच्या रुग्णालयांत. २०२२ मध्ये गांबियात मुलं दगावली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला तिथल्या भारतीय सिरपांत डीईजी आणि मेग दोन्ही सापडली होती. त्याच वर्षी इंडोनेशियात दोनशेहून जास्त मुलं गेली.

मी औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, त्यामुळे हे कसं घडतं ते सांगू शकते. सिरपला गोडवा आणि दाटपणा द्यायला आणि औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल लागतं. ही खाण्याजोगी. मेग आणि डीईजी दिसायला हुबेहूब तशीच: रंगहीन, दाट, गोड, बिनवासाची. आणि स्वस्त. मूळ उत्पादकाकडून निघालेलं पिंप दोन-तीन व्यापाऱ्यांच्या गोदामांतून फिरतं, मध्येच नवं लेबल लागतं, नव्या लेटरहेडवर विश्लेषणाचा दाखला टाइप होतो. लहान कंपनी दाखला फाइलला लावते आणि पिंप उत्पादनाला सोडते. वास्तविक प्रत्येक पिंपातून नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर लावायचा असतो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. यंत्र नसेल तर थिन लेयरची साधी चाचणीही भेसळ पकडते.

निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना १ जून २०२३ पासून सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. देशातल्या मुलांसाठी तशी सक्ती त्याच दिवशी का आली नाही, हा प्रश्न आमच्या लॅबमध्ये तेव्हाही विचारला गेला होता.

जुना_गिरगावकर

मुंबईकरांना ही गोष्ट नवी नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरीन तोंडाने पाजत असत. ते औद्योगिक निघालं, डीईजी मिसळलेलं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. खरेदी, परवाने आणि औषध प्रशासन कसं चालतं याचं त्यांनी काढलेलं वाभाडं त्या काळी पेपरांत रोज छापून यायचं, घराघरांत वाचलं जायचं. आज ३० वर्षांच्या पोरांना विचारा, लेंटिन कोण ते माहीत नसतं.

मूत्रपिंड_ओपीडी

पूरक माहिती: डीईजीत ऑक्झॅलेटचे स्फटिक हा मुख्य प्रकार नसतो. त्याचं डायग्लायकोलिक आम्ल होतं आणि ते मूत्रपिंडाच्या पेशी थेट मारतं, पुढे नसांवरही परिणाम होतो. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डीईजीत विरघळवून विकलं, १०५ माणसं गेली, त्यातून १९३८ चा त्यांचा औषध कायदा आला. म्हणजे हे विष वैद्यकाला ठाऊक होऊन नव्वदच्या घरात वर्षं झाली आहेत.

बॅच_रिअ‍ॅक्टर

क्यूसीताई, तुमचा प्रतिसाद वाचून राहवत नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे मेगचा टँकर आला की गेटवर उभा राहायचा. वरच्या झाकणातून नमुना काढायचा, लांब दांड्याची बाटली सोडून, तळाचा, मधला आणि वरचा. लॅबमध्ये पाण्याचं प्रमाण, रंग, लोह, डीईजी आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे २२० नॅनोमीटरला अतिनील प्रकाश किती आरपार जातो ते बघायचे. डोळ्याला स्फटिकासारखं दिसणारं मेग त्या चाचणीत नापास व्हायचं. कुठल्यातरी अ‍ॅल्डिहाइडचा अंश, दशलक्षात काही भाग. ड्रायव्हर वैतागायचा, पर्चेसवाले फोन करायचे, तरी टँकर परत जायचा. कारण तो माल घेतला असता तर सूत पिवळट आलं असतं आणि गिऱ्हाइकाने लॉट परत पाठवला असता.

शर्टाचं कापड पिवळं पडू नये म्हणून एवढा पहारा. औषधाचं पिंप मात्र लेबल वाचून आत. आमच्याकडचे केमिस्ट काही जास्त सज्जन नव्हते. सूत खराब निघालं तर नुकसान त्याच आठवड्यात, त्याच कंपनीच्या खिशातून जायचं. सिरपच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या घरात होतं, आणि कळेपर्यंत बाटल्या चार जिल्ह्यांत पोचलेल्या असतात.

शीतगृह_सांगली

विषय गंभीर झालाय, पण आमचाही एक वापर नोंदवतो. चिलरच्या बंद फेऱ्यात पाण्याऐवजी ग्लायकॉलचं मिश्रण फिरवतात, म्हणजे शून्याखाली नेलं तरी पाइप फुटत नाही. जुने लोक त्यालाही ब्राइनच म्हणतात, मीठ नसलं तरी. दूध, द्राक्ष, खाण्याचं काही असेल तिथे मेग वापरायचं नसतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल घालायचं. प्लेटच्या हीट एक्स्चेंजरला एक बारीक चीर गेली तर पलीकडे दूध असतं. प्रॉपिलीन महाग पडतं, थंडीत जास्त दाट होतं, पंपावर ताण येतो. म्हणून एखादा कंत्राटदार 'साहेब, मेग टाकू, कुणाला कळतंय' म्हणतो. त्याला तिथल्या तिथे घालवून द्यावं. आणि टॉपअपचा कॅन आला की रिफ्रॅक्टोमीटर लावून गप्प बसू नका, तो फक्त प्रमाण दाखवतो, आत कुठलं ग्लायकॉल आहे ते सांगत नाही.

टोरांटोचा_बर्फ

इकडचं सांगतो. हिवाळ्यात विमान सुटायच्या आधी पंखांवर केशरी रंगाचं गरम द्रव फवारतात. पंखावर बर्फाचा पातळ थर असला तरी उचल कमी होते. ते द्रव म्हणजे ग्लायकॉल आणि पाणी, उत्तर अमेरिकेत बऱ्याचदा इथिलीनच. वरून हिरवं, दाट द्रव मारतात, ते पंखाला चिकटून नवा बर्फ धरू देत नाही आणि धावपट्टीवर वेग आला की ओघळून जातं. आमच्या पिअर्सन विमानतळावर यासाठी वेगळं आवार आहे. जमिनीवर पडलेलं द्रव नाल्यांतून गोळा करून पुन्हा कामी लावतात. पहिल्यांदा भारतातून आलेले आईबाबा खिडकीतून ते बघून घाबरतात, विमान धुतायत की काय म्हणून.

नदीकाठ

गोळा करण्याचं कारण मी सांगते. ग्लायकॉल मातीत-पाण्यात जिवाणू पटकन खातात, दिवसांत-आठवड्यांत संपतं. ऐकायला छान. पण खाताना ते पाण्यातला ऑक्सिजन ओढतात: किलोभर ग्लायकॉलला साधारण १.३ किलो. ओढ्यात पिंप ओतलं तर मासे गुदमरून मरतात. गॅरेजवाल्या दादा, जुनं कूलंट गटारात सोडता का?

घाटातला_मेकॅनिक

ताई, खरं सांगतो, गावाकडची बहुतेक गॅरेजं सोडतात. मी जुन्या ऑइलच्या शेजारी वेगळा कॅन ठेवलाय, ऑइलमध्ये मिसळत नाही, नाहीतर ऑइल नेणारा भाव पाडतो. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या युनिटचा सांडपाणी प्रक्रिया प्लँट आहे, तिकडे देतो. दर वेळी घेतातच असं नाही.

ऊस_आणि_मी

हे सगळं पेट्रोलियमवरच का? आमच्या कोल्हापुरात मळी आहे, अल्कोहोल आहे.

बॅच_रिअ‍ॅक्टर

होतं की. उत्तराखंडात काशीपूरला उसाच्या मळीतल्या अल्कोहोलपासून इथिलीन आणि पुढे मेग बनवणारा कारखाना अनेक वर्षं चालू आहे. रेणू तोच, त्यामुळे विषारीपणाही तोच. 'जैविक' लिहिलं म्हणून पिता येत नाही. अर्थकारण मात्र अल्कोहोलच्या भावावर लटकलेलं, आणि आता तेच अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायलाही हवं असतं.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

शेवटचा प्रश्न. पाण्याची बाटली ग्लायकॉलपासून बनते म्हणता, मग पाण्यात उतरतं का? घरात सगळे घाबरलेत.

बॅच_रिअ‍ॅक्टर

बाटलीत ते मोकळं नसतं, साखळीत बांधलेलं असतं. अगदी अंशमात्र उतरू शकतं, म्हणून युरोपात मेग आणि डीईजी मिळून किलोमागे ३० मिलिग्रॅम ही अन्नात उतरण्याची कमाल मर्यादा घातली आहे. पाण्याच्या बाटलीतून उतरतं ते याच्या खूप खाली असतं. घाबरायचंच असेल तर उरलेलं कूलंट त्याच बाटलीत भरून माळ्यावर ठेवणाऱ्यांना घाबरा.

घाटातला_मेकॅनिक

आमच्या पोरांना आजपासून बंदी. मूळ डब्याशिवाय कूलंट ठेवायचं नाही, आणि डबा फुटला तर लाल ऑइलच्या कॅनमध्ये. बिसलरीच्या बाटल्या सगळ्या उचलून भंगारात दिल्या, त्यातल्या दोन खरंच हिरव्या निघाल्या.